ऋतुजाचं वेगळं ताट

कापूस फुटला आणि आभाळ भरून आलं. दसरा उलटून गेला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सकाळी ऊन पडायचं, दुपारी अंधारून यायचं, आणि झाडावर हसत असलेली बोंडं संध्याकाळी भिजून खाली माना घालायची. चकलांब्याच्या आसपास ज्याला म्हणून हात होते तो माणूस वेचणीला लागला होता. अशा घाईत अंगणवाडीच्या जिनतबाईनं लेकरांची वजनं काढली. बायांनी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि ज्यांना मनात ठेवायची सवय नव्हती त्यांनी मोठ्यानं दिल्या.

सुनिता शेतात जाता जाताच आली होती. कमरेला वेचणीचं फडकं बांधलेलं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिची ऋतुजा तीन वर्षांची. जिनतबाईनं पोरीला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, खाली उतरवलं आणि पुन्हा उभं केलं. काटा पहिल्या वेळी बोलला तेच पुन्हा बोलला.

"सुनिता, हिचं वजन वाढतच न्हाई गं. उलट थोडं उतरलंय."

"असं कसं? खाती की वो बाई. आज्याच्या ताटात बसती. दोघं मिळून दोन भाकरी संपवतेत. ताटात तुकडा उरत न्हाई."

जिनतबाईनं पोरीचा दंड दोन बोटांत धरला. बोटं सहज जुळली. ती म्हणाली, "हे बघ, पुढच्या वजनाला काटा वर सरकला न्हाई, तर मला हिला बीडला धाडावं लागंल. दवाखान्यात भरती करतेत. मायला संगं राहावं लागतंय. दोन आठवडे तरी."

"आन् कापूस?"

जिनतबाई पुढच्या लेकराकडं वळली.

सुनिताच्या घरात माणसं मोजकीच. सासरा गहिनीनाथ, त्याचे गुडघे गेलेले. सासू कौशल्याबाई, तिला जवळचं दिसायचं नाही, पण चूल तिनं सोडली नव्हती. नवरा सत्यम आणि सुनिता, असे दोनच जण रानात राबणारे. त्यातली सुनिता दोन आठवडे बीडला जाऊन बसली तर निम्मा कापूस झाडावरच सडणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. सत्यमनं ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिला खाऊ घाल म्हणजे झालं." जणू सुनिता आजवर पोरीला दगड चारत होती.

जिनतबाई गेवराईला शिबिराला जाऊन आली होती. तिथून ती चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा आणि एक नवी रीत घेऊन आली. दिवेलागणीच्या आधी आयांनी लेकरं घेऊन अंगणवाडीत यायचं. प्रत्येक लेकराला त्याचं वेगळं ताट. त्यात मऊ खिचडी, शेंगदाण्याचं कूट, थोडी पालेभाजी. मग आईनं चित्र दाखवत गोष्ट वाचायची आणि गोष्टीसोबत घास भरवायचा. घाई करायची नाही.

"लेकराला गोष्टी सांगत बसल्यावर भाकरी कोण थापंल? तू येतीस का जिनत?" एकीनं विचारलं.

"येते की. पण माज्या भाकरीचे काठ फाटतेत. तुज्या नवऱ्याला चालतेत का इचार आधी."

बाया हसल्या. हसल्या म्हणून बसल्या, आणि बसल्या म्हणून ऐकायला लागल्या. जिनतबाई पुढं म्हणाली, "अंड्याचं मी सांगितलं असतं, पण निम्म्या घरात तुळशीची माळ हाय. राहू द्या. मूग, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी तर चालती ना? आन् तिखट पाणी कमी करा. कालवणाच्या पाण्यानं पोट फुगतंय, भरत न्हाई. सुनिता, तू वाच."

सुनिता सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर तिनं वाचलं ते एसटीच्या पाट्या आणि खताच्या पिशव्या. तिनं अक्षराखाली बोट ठेवलं. बोटाच्या पेरांना बोंडाची नखं टोचून बारीक चिरा पडल्या होत्या. "खार... झाडावरून... उतरली. खारीला... भूक लागली." पहिल्या पानावर खार शेंगा खात होती, दुसऱ्यावर मेथीचा पाला, तिसऱ्यावर पपई. ऋतुजा चित्र सोडून आईच्या तोंडाकडं बघायला लागली. एवढा वेळ आपली आई एका जागी बसते, हेच तिला नवीन होतं. सुनिताला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. पुस्तक घरी न्यायची मुभा होती. तिनं ते ओलं होऊ नये म्हणून पोलक्यात खोवलं.

त्या घरात जेवणाची रीत ठरलेली होती. आधी बाप्ये, मग बाया. गहिनीनाथ भिंतीला टेकून बसायचा आणि ऋतुजा त्याच्या मांडीवर. त्याच्या तोंडात दात नव्हते, म्हणून तो भाकरी कालवणात कुस्करून तिचा लगदा करायचा. एक घास नातीला, एक आपल्याला. ताट पुसून लख्ख व्हायचं. कौशल्याबाई कौतुकानं म्हणायची, "पोरगी आज्यावर गेलीय, ताटात कण ठेवत न्हाई."

सासऱ्याला सुनिता मामा म्हणायची, पण सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. "ऋतू, आबाला म्हण पाणी तापलंय," असं पोरीला सांगायचं, आणि आबानं ते ऐकायचं. पोरगी जन्मायच्या आधी सुनिता हेच भिंतीला सांगायची.

त्या संध्याकाळी सुनितानं गहिनीनाथाच्या ताटाशेजारी एक लहान ताट ठेवलं. त्यात मुगाचं घट्ट वरण, अर्धी भाकरी, कूट आणि मेथी.

"हे कुणाचं?" गहिनीनाथानं विचारलं.

"तुमच्या नातीचं," कौशल्याबाई चुलीपुढून म्हणाली. "जिनतनं सांगितलंय, तिला वेगळं वाढा."

"कावून? माज्या ताटाला रोग झालाय का?"

सत्यम मान खाली घालून जेवत राहिला. गहिनीनाथानं आपलं ताट हातभर पलीकडं सरकवलं आणि अर्धं अंग भिंतीकडं वळवलं. ऋतुजाला वाटलं हा काहीतरी खेळ आहे. तिनं आपल्या ताटातला एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा तोंडात धरून फिरवत बसली आणि मग ताट आबाकडं ढकललं. "आबा, खा."

थोडा वेळ ते ताट मधेच राहिलं. मग गहिनीनाथाचा हात सवयीनं पुढं आला. त्यानं तिची भाकरी उचलली, आपल्या कालवणात कुस्करली आणि खाल्ली. लहान ताटही लख्ख झालं.

सुनिता उंबऱ्याशी बसून हे बघत होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आज असं झालं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती मनातल्या मनात पोरीचे घास मोजत राहिली. पोरगी चिमणीएवढं खात होती. एवढे महिने दोघांचं म्हणून जे ताट रिकामं होत होतं, ते एकट्या म्हाताऱ्याच्या पोटात जात होतं.

म्हातारा हावरट नव्हता. हे त्याच्या वैऱ्यानंही सांगितलं असतं. तो दुष्काळात वाढला होता. ताटात टाकलेलं अन्न शाप देतं, हे त्याला त्याच्या आईनं कानफटात मारून शिकवलं होतं. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या बांधावर बसून भराभरा जेवला होता, कारण मालक उभा असायचा. लेकरानं मान फिरवली की त्याचं पोट भरलं, असा त्याचा हिशेब. मग उरलेलं टाकायचं कसं? तो ते खायचा, आणि आपण चांगलंच काम करतोय असं त्याला वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. भिजलेला कापूस घरात आणून पसरावा लागला. माजघरात, ओसरीवर, खाटेखाली, सगळीकडं कापूस. जेवायला बसायला भिंतीकडेची एक पट्टी तेवढी उरली होती. सुनिताची बोटं मीठ लागून चुरचुरत होती आणि पाठ सरळ होत नव्हती. तरी ती पुस्तक घेऊन बसली. सासऱ्यासमोर आवाज काढून वाचायची तिची ही पहिलीच वेळ. "खारीला... तीळ... सापडले..." पोरगी हसली आणि तिनं एक घास घेतला. मग खारीच्या शेपटीवर बोट ठेवून तिनं आणखी एक घेतला. सुनितानं पान उलटलं. तेवढ्यात पलीकडून हात आला आणि ताटातली भाकरी उचलून घेऊन गेला.

"मामा! ते तिचं हाय!"

चुलीपुढं कौशल्याबाईचा हात थांबला.

"ती दोनच घास खाती. बाकीचं समदं तुमी खाता. आमाला वाटायलंय पोरगी जेवायली, आन् पोरगी उपाशी झोपायली!"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. सत्यम म्हणाला, "तोंड सांभाळ, सुनिता." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, कारण त्याचेही डोळे त्या लहान ताटावर गेले होते.

गहिनीनाथाच्या मुठीत घास तसाच होता. तो त्यानं तोंडात घातला नाही, ताटातही ठेवला नाही. हात मांडीवर घेऊन तो तसाच बसला. मग त्यानं तो घास पोरीच्या ताटाच्या काठावर ठेवला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला आणि गुडघ्यावर हात टेकत उठला. कापसातून वाट काढत तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी घोंगडं घेऊन तो रानातल्या खोपटात राहायला गेला. कापसाची राखण करायची, असं त्यानं लोकांना सांगितलं. भिजलेला कापूस चोरायला कोण येणार, हे लोकांनी त्याला विचारलं नाही. शेजारच्या बंकटनं मात्र सत्यमला गाठून विचारलंच, "काय बे, म्हाताऱ्याला वेगळं वाढलं म्हणं?"

सत्यमनं घरी येऊन तो राग बादलीवर काढला. कौशल्याबाई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाच्या हातातला घास काढलास. मी ह्या घरात इतकी वर्सं हाय, मला असं बोलायला झालं न्हाई." सुनितानं ऐकून घेतलं. आपण खोटं बोललो नाही हे तिला माहीत होतं. पण खरं बोलूनही माणूस तोंडघशी पडतं, हे तिला नव्यानं कळत होतं.

त्यातही वाईट म्हणजे ऋतुजानं जेवणच सोडलं. पुस्तक उघडलं की ती विचारायची, "आबा कुटंय?" ताट पुढं केलं की तोंड फिरवायची. आधी दोन घास तरी जात होते.

सुनिता तडक अंगणवाडीत गेली. "बाई, घ्या तुमचं पुस्तक. तुमच्या ताटापायी म्हातारं घर सोडून गेलं आन् पोरगी पाण्यावर आली."

जिनतबाई लेकरांच्या वाट्या घासत होती. तिनं सगळं ऐकलं. राख लागलेले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "चुकलं माजं. शिबिरात जे सांगितलं ते मी तुमाला सांगून मोकळी झाले. पोरगी रोज म्हाताऱ्याच्या ताटात बसती, हे तू मला सांगितलं होतंस. तरी त्याला कुठं बसवायचं ते मला सुचलं न्हाई. मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"नगं. तुमी आलात तर समद्या गावाला कळंल, त्यांचं काय चुकलं ते."

"मग पोरीला तिकडंच ने. ताट वेगळंच ठेव, ते सोडू नको. पण बस त्यांच्यासमोर."

पाऊस उघडला होता. दुसऱ्या दिवशी सुनितानं डब्यात मुगाची खिचडी घेतली, लहान ताट घेतलं, पुस्तक घेतलं आणि पोरीला कडेवर घेऊन ती रानात गेली. दुपारपर्यंत वेचणी केली. जेवायच्या वेळी ती खोपटासमोर आली. गहिनीनाथ आत बसून कोयत्याला धार लावत होता. कोयता कधीचा धारदार झाला होता.

सुनितानं बाहेर लिंबाखाली फडकं अंथरलं आणि ताट वाढलं. पुस्तक उघडून ती वाचायला लागली. खार झाडावरून उतरली. ऋतुजानं आईच्या हातातून पुस्तक ओढलं आणि ती खोपटात पळाली. "आबा, पान उलट!"

धार लावायचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पोरीचा ओरडा ऐकू आला. "असं न्हाई! खारीचं डोकं खाली आलं!"

"मला काय ठावं तिचं डोकं कुटं असतंय," म्हातारा म्हणाला. मग तो थोडं मोठ्यानं म्हणाला, "तुज्या मायला म्हणावं, मला वाचता येत न्हाई."

"मामा, पान उलटायला वाचता कशाला यावं लागतंय," सुनिता बाहेरून म्हणाली. "बाहेर येऊन बसा. वाचायचं माज्याकडं."

तो आला. फडक्यापासून जरा अंतर ठेवून बसला. त्याच्या एका हातात पुस्तक होतं, दुसरा हात त्यानं मांडीखाली घालून ठेवला होता. सुनितानं वाचायचं, त्यानं पान उलटायचं, पोरीनं खायचं. दोन घास झाले, तीन झाले, आणि ऋतुजानं मान फिरवली.

"भरलं बघ तिचं," गहिनीनाथ म्हणाला. त्याचा हात मांडीखालून निघालाही होता. तो त्यानं परत आत घातला.

"थांबा वो जरा. गोष्ट कुठं संपलीय."

सुनितानं खारीला पपईपाशी नेलं. पोरीनं मुंगळा बघितला, एक काडी मोडली, आईच्या बांगड्या फिरवल्या आणि आपण होऊन तोंड उघडलं. मग पुन्हा ती उठून लिंबाला एक फेरी मारून आली. पुन्हा तोंड उघडलं. असं करत करत ताट संपायला एवढा वेळ लागला, की सावली फडक्यावरून सरकून गेली. तेवढ्या वेळात गहिनीनाथ तीनदा जेवला असता. आपल्या पोरांचं जेवणही त्यानं असं बसून कधी बघितलं नव्हतं.

ताट रिकामं झालं. त्यानं ते उचललं, उन्हात धरून बघितलं आणि खाली ठेवलं.

"रोज एवढा वेळ लागतोय का?"

"लागतोय."

"मग तू वेचतीस कवा?"

"तुमी हिला घेऊन बसलात तर वेचीन."

संध्याकाळी गहिनीनाथ घोंगडं खांद्यावर टाकून घरी आला. कौशल्याबाईनं नेहमीसारखं त्याला आधी वाढलं, तर त्यानं ताट मागं सारलं. "आधी तिचं होऊ दे." घरातला म्हातारा जेवत नाही म्हणून सत्यमलाही हात आवरून बसावं लागलं. दिवसभर राबलेला माणूस भुकेनं कासावीस होऊन तीन वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडं बघत बसायचा. "लवकर गीळ गं माय," असं तो एकदा म्हणाला, तर गहिनीनाथानं त्याला झापलं, "घाई करू नकु. गोष्ट संपू दे." दिवसा गहिनीनाथ तिला सांभाळायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून तो चित्रं बघून आपलीच गोष्ट लावायचा. त्याची खार कधी बाजाराला जायची, कधी तिचा भावकीत बांधावरून तंटा व्हायचा. पोरीला ती गोष्ट जास्त आवडायची.

वजनाचा दिवस आला तेव्हा आभाळ मोकळं झालं होतं. बाप्ये अंगणवाडीची पायरी चढत नसत, पण गहिनीनाथ नातीला खांद्यावर घेऊन आला. कौशल्याबाईनं पोरीला स्वेटर चढवलं होतं, वर जाड कानटोपी, आणि पायात चांदीचे वाळे. कौशल्याबाईकडं बघून जिनतबाईला हसू आवरेना. "आत्या, तुमी हिला काय लोकरीनं जाड करायल्यात का?" तिनं हात पुढं करायच्या आधी गहिनीनाथानंच वाळे काढले, स्वेटर काढलं. "खरं वजन बघू दे," तो म्हणाला.

पोरगी काट्यावर उभी राहिली. सुनिताला वर बघवेना. ती काट्याच्या पायाकडं बघत होती.

"वाढलं!" जिनतबाई ओरडली. "सुनिता, वाढलंय गं. चांगलं वाढलंय. बीडला जायचं काम न्हाई."

सुनिताच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. ते पुसायला तिनं टॉवेल ओढला, तर त्याला चिकटलेला कापूस डोळ्यात गेला आणि आणखी पाणी आलं. बाया तिला हसायला लागल्या, तीही हसली. कौशल्याबाईनं पोरीची अलाबला घेतली आणि बोटं कडाकडा मोडली.

गहिनीनाथ हसला नाही. तो काट्याजवळ उकिडवा बसला. "बाई, किती वाढलं म्हणायचं हे? हातानं दाखवा."

जिनतबाई आनंदात होती. तिनं दोन्ही तळहात जोडून ओंजळ केली. "एवढे शेंगदाणे भरले आबा, तर जेवढं वजन हुईल ना, त्याहून जास्तच."

म्हाताऱ्यानं ती ओंजळ बघितली. मग आपला उजवा हात उघडून त्याच्याकडं बघितलं.

"एवढ्या थोड्या दिसात एवढं," तो म्हणाला. "म्हणजे आजपस्तोर मीच खाल्लं तिचं."

हसणं थांबलं. जिनतबाई घाईनं म्हणाली, "न्हाई वो आबा, तसं नसतंय ते. लेकराचं कमीजास्त होतच राहतंय."

"काटा कशाला लबाड बोलंल?"

हीच गोष्ट सुनितानं चुलीपुढं ओरडून सांगितली होती, आणि तेव्हा ती कुणी ऐकावी म्हणून तिचा जीव तुटत होता. आता ती गोष्ट सगळ्या बायांसमोर उघडी पडली होती आणि सुनिताला ती झाकायला काही मिळत नव्हतं. तिला म्हाताऱ्याची कधी नव्हे एवढी कीव आली. तिनं पायरीवरच्या त्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायापुढं नीट मांडून ठेवल्या.

"मामा, उठा," ती म्हणाली. "हिला भूक लागलीय. तुमी बसल्याबिगर ती घास घ्यायची न्हाई."

गहिनीनाथ आणखी थोडा वेळ बसून राहिला. मग त्यानं गुडघ्यावर हात टेकला आणि तो उठला.